तापीअक्काचं शनिवारचं जेवण

परवा आमच्या गल्लीत कीर्तन झालं. बुवा बाहेरगावचे, आवाज मोठा. त्यांनी जळगावच्या एका पतिव्रतेची गोष्ट सांगितली. नवरा दूरदेशी गेलेला. ही माउली दर शनिवारी स्टेशनाजवळच्या खानावळीत येई, त्याचं ताट शेजारी मांडी, आणि आपण घास घेताना त्याच्याही ताटात काहीतरी ठेवी. शेवटी त्या पुण्याईने नवरा परत आला आणि दोघं एका ताटात जेवली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या शेजारची म्हणाली, "काकू, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मी म्हटलं, "ते ताट मी घासलंय."

खानावळ आमची होती. इंग्रजाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पुढे एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर, मधे अर्धं दार. पुढे नाना, म्हणजे माझे यजमान. मागे मी. नाना गिऱ्हाइकांशी गोड बोलत आणि मी भाकरी थापत असे. खानावळ गोड बोलण्यावर चालते असं नानांचं मत होतं. मी वाद घातला नाही. एकदा मला ताप आला तेव्हा त्यांनी नुसतं गोड बोलून पाहिलं. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली.

ती बाई म्हणजे तापीअक्का. धरणगावजवळच्या एका खेड्यातली. उंच, हाडापेराने रुंद, कपाळाला आडवं ठसठशीत कुंकू. घरच्या म्हशी होत्या. शनिवारी बाजाराला तुपाचे डबे घेऊन सकाळच्या गाडीने यायची, दुकानदाराशी भांडून तूप घालायची, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीआधी जेवायला आमच्याकडे.

पहिल्यांदा आली त्या दिवशी पंगत बसलेली होती. सगळे पुरुष. तिने दारात चप्पल काढली, पाय धुतले, एका रिकाम्या पाटावर बसली आणि पदर खोचला. नाना धावले.

"अक्का, आत या. बायकांची सोय आत आहे. चुलीपाशी ऊब पण आहे."

"चुल्हापुढे मी घरमा रोजच बसस," ती म्हणाली. "आठेच वाढा."

"मग मालक यायचे आहेत का? ते आले की दोघांचं एकदमच वाढतो."

"कोन मालक? भूक मले लागेल शे."

नानांनी आतून ताट नेलं. त्यांनी वाढलं. आपल्याकडे बाई आधी जेवत नाही, परक्या पुरुषांच्या ओळीत तर नाहीच नाही. पंगतीतले हात थांबले. तिचा थांबला नाही.

तिचं जेवण बघण्यासारखं होतं. मी अर्ध्या दारातून बघायची. आधी ताटातल्या मिठाकडे बघायची, ते नीट डाव्या हाताला आहे ना. मग भाकरी मोडून वाफ जाऊ द्यायची. हिवाळ्यात भरीत, एरवी डाळ, सोबत तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या. भाकरी एका वेळी एकच घ्यायची. नाना दोन वाढायला गेले की ताटावर हात आडवा. "एक संपनी का दुसरी टाका. निवेल भाकर घरमा शे." जेवताना बोलायची नाही. कोणी पाऊसपाणी विचारलं तर घास संपवून, पाणी पिऊन, मग त्याच्याकडे अशी बघायची की त्याला आपल्या प्रश्नाची लाज वाटावी. सावकाश जेवायची. शेवटी ताक, आणि ताकानंतर थोडा वेळ नुसती रस्त्याकडे बघत बसायची. तो वेळ तिच्या जेवणाचाच भाग होता. नाना तेव्हा पाट उचलायची घाई करत. मी त्यांना मुद्दाम आत बोलावून घेत असे.

एकदा मागच्या दारी हात धुवायला आली तेव्हा मी विचारलं, "अक्का, दोन तासांत घरी पोचता. घरी नाही का जेवायचं?"

ती म्हणाली, "घरमा बठ्ठासले मी वाढस. सासरा, दीर, त्यासना पोरं, मंग जावा. मना वाटाले तळ ऱ्हास. सहा दिवस मी वाढस, वहिनी. एक दिवस मले कोनीतरी वाढो." मग हात पुसत म्हणाली, "भाकर तुनी चांगली शे." त्यानंतर कितीतरी दिवस तिने माझी स्तुती केली नाही. एकदा सांगितलं ते पुरे, अशी ती.

नवऱ्याचं नंतर कळलं. दगडू त्याचं नाव. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी सुरतेला गिरणीत गेला, तिकडे दुसरं घर केलं आणि तिकडचाच झाला. ही सासरीच राहिली, कारण म्हशी तिथे होत्या. नवऱ्याबद्दल ती वाईट बोलायची नाही. चांगलंही नाही. विषयच नसायचा.

आता वकीलसाहेब. आमचं रोजचं गिऱ्हाईक. घरी बायकोचं सोवळं कडक, कांदा उंबऱ्याच्या आत येत नसे, म्हणून साहेब आमच्याकडे कांदा खायला येत. दाराआडचा पाट त्यांचा ठरलेला, म्हणजे रस्त्यावरून घरचं कोणी गेलं तर दिसू नये. शहरात कुठेही सभा असली की हे अध्यक्ष. दुसऱ्या का तिसऱ्या शनिवारी ते नानांना मोठ्याने म्हणाले, "नाना, बाई पंगतीत? हे असंच चाललं तर उद्या घरोघरी चुली पेटायच्या बंद होतील."

तापीअक्काने घास संपवला. पाणी प्यायली. "वकीलसाहेब, तुमना घरमा चूल पेटत नही का?"

"पेटते की."

"मंग तुम्ही आठे कसाले?"

पंगत हसली. साहेबांनी कांदा तसाच ठेवला आणि उठले. जाताना नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "ती तरी, नाहीतर मी तरी."

नानांना दोन्ही गिऱ्हाइकं हवी होती. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. शुक्रवारी रात्री मला म्हणाले, "युक्ती सापडली." मी म्हटलं, "कोणाला?"

शनिवारी त्यांनी तापीअक्काच्या शेजारी दुसरा पाट मांडला. त्यापुढे ताट, वाटी, तांब्या-भांडं. ताट कुठलं, तर ज्याची कल्हई गेली होती म्हणून मी बाजूला टाकलेलं. पितळ उघडं पडलेलं, त्यात आंबट आमटी घातली तर कळकून बाधेल असं. कोणी जेवणारच नाही, तर चांगलं ताट कशाला अडकवा, असा नानांचा हिशेब.

"हाई कोनासाठे?" तिने विचारलं.

"तुमच्या मालकांसाठी," नाना हळूच म्हणाले. "येणार आहेत असं समजायचं. लोकांचं समाधान. तुम्ही जेवा निवांत."

तिने त्या ताटाकडे बघितलं, नानांकडे बघितलं. "मांडा. पन त्यामा काही वाढू नका. अन्न वाया जाई."

एवढंच. वकीलसाहेब आले, दुसरं ताट बघितलं, "मालक यायचेत" हे नानांकडून ऐकलं, आणि दाराआड बसून कांदा मागितला. बाई नवऱ्याची वाट बघत बसली आहे म्हटल्यावर ती पंगतीत असायला कोणाची हरकत उरली नाही. ती वाट बघत नव्हती, भरीत खात होती, हे प्रत्येकाला समोर दिसत होतं. पण ताटाने सगळं झाकलं.

तापीअक्काने त्या ताटाचा उपयोग शोधला. मिरची खाल्ली की देठ त्यात टाकायची. आमच्या पंगतीत देठं टाकायला जागा नसायची, जमिनीवर टाकलेली मला आवडायची नाहीत, ते तिला ठाऊक होतं. घास घेतला, मिरची चावली, देठ शेजारच्या ताटात. नीट, कडेला, ओळीने. शनिवारी मी ते ताट राखेने घासायला घेई तेव्हा त्यात मिरच्यांची देठं, हिवाळ्यात वांग्याचं देठ, कधी लिंबाची साल. दुसरं काही मी त्यात कधी पाहिलं नाही.

पण मालक काही येईनात. वकीलसाहेबांनी विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, "सुरतेला असतात."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

साहेबांचा घास हातात राहिला. "आणि ही दर शनिवारी त्याचं ताट मांडते?"

नाना गोड हसले. ते हो पण म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. त्या हसण्यातून पुढचं सगळं निघालं.

गणपतीत साहेबांचं व्याख्यान झालं. विषय आर्य स्त्री. त्यात तापीअक्का आली, पितळी ताट आलं. दाराआडून त्यांना तिचा हात दिसायचा, देठ दिसायचं नाही. त्यामुळे "प्रत्येक घासाबरोबर पतीला घास" हेही आलं. मग लोक बघायला येऊ लागले. ओट्यावर उभे राहायचे आणि आत बोट दाखवायचे. आलेला माणूस नुसता बघून कसा जाणार, तोही जेवायचा. मला शनिवारी दुप्पट पीठ मळावं लागे. नानांनी त्या ताटाला हळदकुंकू लावायला सुरुवात केली. मी म्हटलं, "आधी कल्हई लावा." म्हणाले, "नको, लोकांना हेच ताट बघायचं असतं."

धरणगावकडच्या गाडीतून बायका नव्या सुनांना घेऊन येऊ लागल्या. एक सून, कोवळी पोर, तापीअक्का जेवत असतानाच तिच्या पाया पडली. सासू मागे उभी.

"जेवनी का तू?" तापीअक्काने विचारलं.

पोरीने मान हलवली. अजून नाही.

"मंग पहिले जेव. पायाले काय चव शे?"

सासूने सुनेला दंडाला धरून उठवलं.

लोकांना मजा आली, व्यापार वाढला, साहेबांना विषय मिळाला. तापीअक्काचं मात्र जेवण गेलं. ती रस्त्याकडे तोंड करून बसायची, आता रस्त्यावर चेहरे असायचे. ताकानंतरचा तो थोडा वेळ संपलाच. एका शनिवारी तिने नानांना हाक मारली.

"नाना, हाई ताट उचला."

"अक्का, आता कसं उचलू? लोक या ताटासाठी येतात."

"आनी मी कसासाठे येस?"

नाना गोड हसले. मी आत पिठाचे हात घेऊन उभी होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि भाकरी मोडली. गावात दुसऱ्या खानावळी होत्या, पण तिथे बाईला आतच बसवत. पंगतीतली जागा इथेच होती. ती सोडवत नव्हती आणि तिथे जेववत नव्हतं, अशी तिची अवस्था.

मग सत्कार झाला. साहेबांनी ठरवला. लुगडं, नारळ, हार. कुठे, तर आमच्या खानावळीत, तिचं ताट वाढल्यावर, कारण ताट दिसायला हवं. मी गरम भाकरी टाकली आणि साहेब बोलायला उभे राहिले. सीता झाली, सावित्री झाली. भाकरीची वाफ गेली. भाकरी वाकडी होऊन कडक झाली. साहेब सुरतेपर्यंत पोचले होते. शेवटी म्हणाले, "या माउलीने दोन शब्द बोलावेत."

तापीअक्का म्हणाली, "भाकर निवनी."

साहेबांनी डोळे मिटले. "पतीवाचून," ते म्हणाले, "किती थोडक्यात सांगितलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसरी भाकरी टाकायला घेतली, पण तिची गाडी निघायची वेळ झाली होती. त्या दिवशी ती उपाशी गेली. लुगडं पाटावरच राहिलं. नाना म्हणाले, विसरली. ती काही विसरणाऱ्यातली नव्हती.

सुरतेत खानदेशातली माणसं पुष्कळ. गोष्ट तिकडे पोचली.

थंडीचे दिवस होते, भरीत होतं. तापीअक्का जेवायला बसली आणि ओट्यावरची गर्दी दुभंगली. एक माणूस आत आला. केसांना तेल चपचपीत, कोट दुसऱ्याच्या मापाचा. तिच्यासमोर उभा राहिला आणि रडायला लागला.

"तापी."

तिने घास संपवला. पाणी प्यायली. "सुरतमा काय व्हयनं?"

"काही नही. तुनं आयकं. म्हने मनं ताट मांडेल शे, इतला वरीस."

"मी नही मांडं. नानानी मांडं."

हे तिने स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कोणी ऐकलं नाही. साहेब दाराआडून बाहेर आले होते, तोंडाला कांद्याचा वास.

"सुरतवालीनी काढी दिधं का तुले?" तापीअक्काने विचारलं.

दगडूने खाली बघितलं. मग तो पाटावर बसला, त्या ताटापुढे. हातपाय धुतले नाहीत. आणि तिला म्हणाला, "वाढ ना मले."

मी अर्ध्या दाराशी आले. ओट्यावरची माणसं आत वाकली. सगळ्यांना जे बघायचं होतं ते आता होणार होतं. बाई उठणार, पदर सावरणार, नवऱ्याला वाढणार. नानांनी भाकरीची परात उचलून तिच्यापुढे धरलीसुद्धा. सहा दिवस वाढणाऱ्या बाईचा सातवा दिवस त्या परातीत होता.

तापीअक्काने परातीतली एक भाकरी उचलली. आपल्या ताटात घेतली. मोडली. वाफ जाऊ दिली. मिरची चावली आणि देठ नेहमीसारखं शेजारच्या ताटात ठेवलं, कडेला.

दगडूने ते देठ दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं. साहेबांनी उपरण्याने डोळे पुसले. ओट्यावर कोणीतरी "जय" म्हटलं.

ती जेवत राहिली. घाई नाही, उशीर नाही. तिसरी भाकरी घेतली. ताक प्यायली. आणि त्या सगळ्या माणसांपुढे, रडणारा नवरा शेजारी, ती तिचा तो थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसली. पुष्कळ महिन्यांनी बसली. मग उठली, हात धुतले, नानांपुढे उभी राहिली.

"नाना, ताट तुम्ही मांडं, मानूस उना, बठना. आते तुम्हीच वाढा."

चप्पल घातली आणि स्टेशनाकडे गेली. तुपाचे रिकामे डबे मी दारापर्यंत नेऊन दिले. तिने ते घेतले. "भाकर चांगली व्हती," म्हणाली. म्हणजे माझी स्तुती दोनदा झाली.

नानांनी वाढलं. त्याच ताटात, कारण लोक बघत होते. मी सांगत होते, आंबट आमटी घालू नका. घातली. रात्रभर दगडूला उलट्या झाल्या. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की पश्चात्तापाने माणसाचं शरीर असंच शुद्ध होतं.

दगडूला गावी भावांनी ओट्यावर चढू दिलं नाही, वाटणी मागेल म्हणून. तो आमच्याकडे राहिला. नानांना त्याच्याकडून पैसे मागवेनात. पाणी भर म्हटलं तर म्हणे, मी ताटवाला दगडू, मी पाणी भरू? शनिवारी तापीअक्का येईल म्हणून नाना आता तिचं ताट मांडत. चांगलं, कल्हईचं. ती आली नाही. दगडू दर शनिवारी त्या रिकाम्या ताटाशेजारी बसून जेवला, भरपूर जेवला, पण त्याला कोणी पत्नीव्रती म्हटलं नाही. लोक दोन-चारदा बघून गेले. मग यायचे थांबले. साहेबांना दुसरा विषय मिळाला. एके दिवशी दगडू नानांचं धुतलेलं धोतर नेसून सुरतेच्या गाडीत बसला. ते पितळी ताट मी चुलीतली राख काढायला घेतलं. त्या कामाला ते उत्तम होतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझी मुलगी धुळ्याला दिली होती, तिच्या बाळंतपणाला मी गेले होते. देशात स्वराज्य येणार, येणार चाललं होतं. बाजारातून डिंक आणि खोबरं घेऊन येत होते. एका हॉटेलाच्या दारावरून जाताना आत नजर गेली. टेबलं, खुर्च्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी रस्त्याकडे तोंड करून तापीअक्का बसली होती. केस पांढरे झालेले. पायाशी तुपाचे डबे. टेबलावर एकच ताट. तूप ती आता सर्व्हिस मोटारने, म्हणजे तेव्हाच्या बसने, धुळ्याला आणत होती, हे मागून कळलं.

मी दारात थांबले. तिने मला ओळखलं. घास संपवला, पाणी प्यायली.

"जेवनी का, वहिनी?"

"घरी जाऊन जेवेन."

"घरमा कोन वाढस तुले?"

मुलगी बाळंतीण, तिची सासू आजारी, व्याही आणि जावई जेवायचे होते. तिने उत्तराची वाट बघितली नाही. गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाली, "यासले वाढा. निराळं टेबल द्या."

मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. आयुष्यात पहिल्यांदा. समोर ताट आलं. मीठ डाव्या हाताला होतं. भाकरी माझ्यापेक्षा जाड, कडा कच्च्या. डाळीत फोडणी करपलेली. पण भाकरी तव्यावरून सरळ माझ्या ताटात आली होती, आणि ती कोणी दुसऱ्याने आणली होती. मी ती मोडली आणि वाफ जाऊ दिली. घरी मंडळी जेवायची खोळंबली असतील हे मला माहीत होतं. तरी दुसरी मागितली.

मान वर केली तेव्हा मोटारीची वेळ होऊन ती गेलेली होती. खुर्ची रिकामी, डबे नाहीत. पोऱ्या अजून टेबल पुसायला आला नव्हता. तिचं ताट तसंच होतं, आणि मिरच्यांची देठं त्याच ताटाच्या कडेला ओळीने लावलेली होती.